नेदाची काठी टेकते तिथवर

नेदिल्का, आमची नेदा, पोहत नाही. चौपन्न वर्षं नेरेत्वा नदीच्या मुखाशी काढूनही तिला पोहता येत नाही, आणि त्यात तिला लाजण्यासारखं काही वाटत नाही. आमच्या खोऱ्यात तिच्या वयाच्या पुष्कळ बायका अशाच. नदीचं पाणी ऑगस्टातही हाडात शिरतं. त्यात उतरायचं कशाला? होडी आहे, काठी आहे.

काठीवरचा विश्वास वडिलांकडून आला. ते चपट्या तळाच्या होडीतून माणसं, गाढवं, संत्र्यांच्या पेट्या पलीकडे नेत. लांब काठी तळाला रोवायची आणि होडी ढकलायची. "काठी टेकली तर आपलं पाणी," ते सांगत. "नाही टेकली तर दुसऱ्याचं." नेदा हे वाक्य अशा सुरात म्हणते, जणू चर्चमधून ऐकून आली आहे.

मी तिला तेता नेदा म्हणते. इथं मावशीला, आत्याला, शेजारणीला, सगळ्यांना तेताच म्हणतात, आणि काकांच्या वयाच्या माणसाला बार्बा. रक्ताचं नातं नाही. माझे आईवडील कामासाठी आयर्लंडला गेले. मी झाग्रेबला साहित्य शिकून परत आले. पहिल्याच रविवारी तिनं कुंपणावरून हाक मारली, "टोंका, ये जेवायला. वाळलेल्या काटकीसारखी दिसतेस." तेव्हापासून रविवार तिच्याकडे. वाम माशाचा रस्सा, मक्याचा घाटा, आणि माझ्या पदवीची चौकशी.

"इतकी पुस्तकं वाचून करतेस काय?"

"पतंग फुगवते, तेता."

"बरं आहे. भूक तरी लागते."

ते खरंच होतं. उन्हाळ्यात मी नदीच्या मुखाशी काइटबोर्डिंग शिकवते. पायाखाली फळी, कमरेला पट्टा, डोक्यावर हवा भरलेला मोठा पतंग. पतंग ओढतो, माणूस पाण्यावरून घसरत जातो. आमच्याकडे दुपारी एकला वारा सुरू होतो आणि संध्याकाळी निमूट थांबतो. मुखाशी नदीनं आणलेली वाळू पसरलेली आहे, त्यामुळे पाणी दूरवर उथळ. शिकणाऱ्याला याहून चांगली जागा नाही.

सप्टेंबर ते डिसेंबर नेदा संत्र्यांच्या शेडमध्ये असते. पट्ट्यावरून फळं येतात, ती मापाप्रमाणे वेगळी करते. बोलत असते, बघत नसते, आणि फळ बरोबर पेटीत पडतं. शेडमधल्या बायकांना घरी सोडणारी बस मियो चालवायचा. ती रोज त्याच्या मागच्याच आसनावर बसायची आणि त्याला कसं चालवायचं ते सांगायची. त्यातून लग्न झालं. एकतीस वर्षं झाली. मूलबाळ नाही.

मियोचा बसमार्ग बंद झाला आणि तो अठ्ठावन्नाव्या वर्षी घरी बसला. दोन महिन्यांत नेदा कंटाळली. "जा कुठेतरी," म्हणाली. "सारखा पायात येतोस." तो सायकल काढून समुद्राकडे आला आणि आमच्या टपरीसमोर उभा राहिला.

"कवयित्री, हे म्हाताऱ्याला जमेल का?"

"बार्बा मियो, वय आड येत नाही. पोट येतं."

"पोट नाही ते, लंगर आहे."

तिसऱ्या दिवशी नेदा आली. खांद्यावर वडिलांची काठी. नवऱ्याकडे तिनं बघितलंही नाही. घागरा खोचला आणि सरळ पाण्यात चालू लागली. दर दहा पावलांना काठी रोवायची, ती कुठवर भिजली ते बघायची, पुढे जायची. पतंगवाली पोरं हसत उभी होती. ती कमरेएवढ्या पाण्यात थांबली, डावीकडे गेली, उजवीकडे गेली, परत आली.

"तीनशे पावलं," ती मियोला म्हणाली. "त्या लाल बोयापर्यंत. त्यापुढे गेलास तर घरी येऊ नकोस, तिकडूनच कुठेतरी जा."

"आणि वारा?" मी सहज विचारलं. थट्टाच होती ती.

तिनं डोक्याचा रुमाल सोडून हातात धरला. तो किनाऱ्याकडे फडफडला. "घरी आणणारा आहे. घरून नेणारा असेल त्या दिवशी हा बसेल माझ्याशेजारी."

ही गोष्ट मी दोन उन्हाळे लोकांना हसून सांगितली. पण शिकवताना मी जे पहिल्या तासाला सांगते तेच तिनं सांगितलं होतं. उथळ पाणी, किनाऱ्याकडे येणारा वारा. पुस्तकाशिवाय.

यंदा मियोनं जुनी व्हॅन घेतली. जूनमध्ये दोन आठवडे दक्षिणेकडे जायचं, नवं पाणी बघायचं. मला बरोबर नेणार, कारण मला जागा माहीत. रविवारी जेवताना विषय निघाला. नेदानं चमचा खाली ठेवला.

"तुम्ही दोघं उडाल. मी काय करायचं? चपला राखायच्या?"

"तू आराम करायचा," मियो म्हणाला.

"आराम मला येत नाही. कुणी शिकवला नाही." मग माझ्याकडे वळली. "टोंका, जागा तू निवड. याला निवडू देऊ नकोस, याला सगळंच छान दिसतं. माझी काठी टेकली पाहिजे. वारा घरी आणणारा पाहिजे. आणि मला पाठीला आडोसा, जवळ संडास आणि बरी कॉफी. एवढं असेल तर मी येते."

"वचन," मी म्हणाले.

ती माझ्यावर विसंबली. ते मला तेव्हाही समजलं होतं.

पहिली जागा मी निवडली नव्हती. मियोनं रस्त्यावरून बघितली. हिरव्या पाण्याची छोटी खाडी, मागे डोंगर, एकही माणूस नाही. त्यानं व्हॅन थांबवली. नेदा उतरली, रुमाल सोडला. तो समुद्राकडे उडाला.

"डोंगरावरून उतरतोय," ती म्हणाली. "घरून नेणारा."

"थोडाच आहे गं."

"थोडा थोडाच नेईल. चल, भाकरी खाऊ आणि निघू."

मियो तासभर गाडी चालवत राहिला. मग वळणावर आपणच म्हणाला, "खरं होतं तिचं." नेदा मागच्या आसनावर झोपेचं सोंग घेऊन पडली होती. तिच्या ओठाचा कोपरा हलला.

सीमा ओलांडून उल्चिन्य गावी आम्ही आठवडाभर राहिलो. तिथली पुळण तीन-चार कोस लांब, राखाडी वाळूची. पाणी इतकं सावकाश खोल होतं की नेदाची काठी चारशे पावलं टेकली. ती खूश झाली. व्हॅनच्या आडोशाला खुर्ची मांडली. शेजारच्या छत्रीत प्रिश्टिनाची एक बाई होती. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती. सकाळी वारा नसताना दोघी बाजारात जायच्या, परत येताना चीज भरलेले बुरेक आणि टोमॅटो आणायच्या आणि दुपारभर एकमेकींना काहीतरी समजावायच्या.

पाचव्या दिवशी मी पाण्यातून बघितलं तर खुर्ची रिकामी. मी दचकले. मग दिसली. किनाऱ्यापासून वीस पावलांवर ती पाण्यात मांडी घालून बसली होती. गळ्यापर्यंत पाणी, डोक्यावर गवती टोपी. मी जवळ गेले.

"तेता, काय चाललंय?"

"काही नाही. बसलेय. मियोला सांगू नकोस, लगेच पोहायला शिक म्हणेल."

त्याच दिवशी मियो पाण्यात जिथून निघाला होता तिथंच परत येऊन थांबला. हे सोपं वाटतं, पण नाही. नवशिक्याला वारा नेईल तिकडे जावं लागतं, मग तो फळी काखोटीला मारून पुळणीवरून चालत परत येतो. ज्याला वाऱ्याविरुद्ध वर चढता येतं तो चालत नाही. मियो चार वेळा गेला आणि चार वेळा तिथंच परत आला. ओरडला नाही. माझ्याजवळ येऊन हळू म्हणाला, "बघितलंस?"

"बघितलं."

"उडी कधी?"

इथं मला एक गोष्ट नीट सांगितली पाहिजे, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. शिकणाऱ्याला पाणी गुडघ्याएवढं चालतं. पडला की उभा राहतो, पतंग सावरतो, पुन्हा सुरू करतो. पण जो उडायला लागला त्याला छातीएवढं पाणी हवं, कारण उंचावरून पडताना पाणीच त्याला झेलतं. गुडघाभर पाणी झेलत नाही. त्याच्याखाली लगेच जमीन असते. हे प्रत्येक शिकवणाऱ्याला माहीत असतं. मलाही होतं. जी जागा सोमवारी त्याच माणसासाठी सगळ्यात सुरक्षित असते, ती शुक्रवारी नसते.

शुक्रवारी आम्ही दोघं कॉफीला बसलो होतो. नेदा बाजारात होती. पुढे कुठं जायचं ते ठरवायचं होतं. मी दोन जागा सांगितल्या. एक मोकळा किनारा, वारा किनाऱ्याकडे, पाणी वीस पावलांवर छातीएवढं, वाचवायला होडी. दुसरं खाजण. तिथून तासाभराच्या अंतरावर, सीमेपलीकडे. पाणी सगळीकडे गुडघाभर आणि आरशासारखं सपाट.

"तुम्हाला आता पहिली जागा योग्य," मी म्हणाले.

"काठी टेकेल?"

"वीस पावलं."

मियोनं साखरेची पुडी बोटात फिरवली. "मग तिला ती दाखवूच नकोस. तिला कळलं की मला खोल पाणी हवंय, तर सहल संपली. घरी गेल्यावर पतंगही विकायला लावेल. आपण खाजणात जाऊ. ती मापेल, खूश होईल."

"पण तिथं उडायचं नाही, बार्बा."

"नाही उडणार."

मी हो म्हणाले. नेदाशी वाद नको, हे एक कारण होतं. दुसरं कारण मी त्या वेळी स्वतःलाही सांगितलं नाही. सपाट पाणी मला फार आवडतं. त्यावरून जाताना आवाज होत नाही. खाजणात मला जायचं होतं.

नेदापुढे मी एकच जागा ठेवली. "खाजण आहे, तेता. सगळीकडे गुडघाभर."

"सगळीकडे?"

"मैलभर."

तिनं माझ्या गालाला हात लावला. "शहाणी माझी पोर. बघ मियो, पुस्तकं वाचलेली माणसं अशी निवडतात."

तिथं पोचल्यावर तिनं नेहमीप्रमाणे काठी घेतली आणि अर्धा तास चालली. मी व्हॅनला टेकून बघत होते. ती लहान होत गेली, पाणी मात्र तिच्या गुडघ्यावर चढलं नाही. परत आली तेव्हा हसत होती. "इथं तर मी पण उडेन," म्हणाली.

पहिले दोन दिवस मियोनं शब्द पाळला. तिसऱ्या दिवशी त्यानं मला दूर, पार पलीकडच्या काठाजवळ गाठलं. "एकदाच," म्हणाला. "वीतभर. फक्त पाय सुटले पाहिजेत. आयुष्यभर मी जमिनीवर गाडी चालवली, कवयित्री."

मी नाही म्हणायला हवं होतं. मी कसं करायचं ते सांगितलं. पतंग वर न्या, हातातली दांडी ओढा, सोडा, गुडघे वाकवा. त्यानं केलं. वीतभर उडाला, उतरला, तोल सांभाळला. त्याचा चेहरा मी कधी विसरणार नाही, असं पुस्तकात लिहितात. मला विसरायचा आहे.

नंतर त्यानं आणखी चार उड्या मारल्या. मी थांबवलं नाही. पाचव्या वेळी वाऱ्याची झुळूक जोरात आली आणि त्यानं दांडी सोडायच्या ऐवजी ओढून धरली. दांडी ओढली की पतंग आणखी वर उचलतो, पण घाबरलेला माणूस तेच करतो. तो माझ्या उंचीच्या दुप्पट वर गेला. मग पतंग मागे राहिला आणि तो पाठीवर पडला. आवाज पाण्याचा नव्हता.

मी पोचले तेव्हा तो शुद्धीवर होता. पाण्यात पडून आकाशाकडे बघत होता. "पाय कुठं आहेत माझे?" त्यानं विचारलं. आहेत, मी म्हणाले. मी त्याचं डोकं धरून ठेवलं. हलवायचं नसतं. दोन पतंगवाले मदतीला आले, एकानं फोन केला. दुरून नेदा येत होती. पळत नव्हती, गुडघाभर पाण्यात पळता येत नाही. ती नुसती येत होती, आणि खूप वेळ येत होती.

रुग्णवाहिकेत ती पुढे बसली, मी मागे. मियोनं माझं मनगट धरलं. "उडीचं तिला सांगू नकोस. वाऱ्यानं उचललं म्हण."

इस्पितळाच्या दारात तिनं मला विचारलं, "वाऱ्यानंच उचललं ना त्याला? मी बघत होते. एकदम वर गेला."

"हो," मी म्हणाले.

मणका फुटला होता. त्याच रात्री शस्त्रक्रिया झाली. डॉक्टर तरुण होते, इटालियन बरी बोलत होते, मलाही थोडी येत होती. त्यांनी काही लपवलं नाही. पाय परत येतील की नाही ते महिन्यांनी कळेल, म्हणाले. कदाचित थोडे येतील.

नेदा त्याच्या उशाशी बसली ती उठेना. तिसऱ्या दिवसापर्यंत ती तेच तेच बोलत होती. नर्सला भाषा येत नव्हती तरी तिलाही सांगत होती. "मी मापलं होतं. मीच म्हटलं, इथं बरं आहे. पाणी नव्हतंच त्याच्याखाली. मी बघितलं होतं की पाणी नाही, आणि मला बरं वाटलं."

मी दाराशी उभी राहून ऐकत होते. मियो छताकडे बघत ऐकत होता.

तिसऱ्या दिवशी दुपारी ती इस्पितळाच्या अंगणात बाकावर बसली होती. तुतीच्या झाडाखाली. मियोसाठी पीच सोलत होती, छोट्या सुरीनं, एका तुकड्यात साल काढत. मी शेजारी बसले. मला वाटलं होतं मी काहीतरी जुळवून बोलेन. जुळलं नाही.

"तेता, वाऱ्यानं नाही उचललं त्यांना."

सुरी थांबली नाही. "म्हणजे?"

"त्यांनी उडी मारली. मी शिकवली. पाचवी उडी होती. शेवटी झुळूक आली, पण उडी त्यांची होती."

साल खाली पडलं.

"उडीला पाणी किती लागतं?"

"छातीएवढं. निदान."

"हे तुला कधी कळलं?"

"आधीपासून माहीत आहे. शिकवायला लागले तेव्हापासून."

"आणि तू मला गुडघाभर पाणी दाखवलंस."

"दुसरी जागा होती. खोल. त्यांच्यासाठी ती बरी होती. बार्बा म्हणाले तुला दाखवू नको. मी नाही दाखवली."

"दाखवली असतीस तर मी नाही म्हटलं असतं."

"हो."

"मग आपण घरी गेलो असतो."

"हो, तेता."

तिनं पीचच्या फोडी करायला घेतल्या. एक, दोन, तीन. वाटीत टाकत गेली. मला वाटलं आता ती मला मारेल, आणि तिनं मारावं असं वाटत होतं.

"तीन दिवस मी म्हणतेय, मी मापलं," ती म्हणाली. "तू दारात होतीस."

"होते."

"त्यानंही ऐकलं."

मी मान हलवली. आणि तेव्हा कुठे मला समजलं. तीन दिवस मी माझ्याच खोटेपणाचा हिशेब करत होते. त्याचं गप्प राहणं माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.

"शुद्धीवर होता तो," नेदा म्हणाली. "काल मी रडले, तर त्यानं माझा हात धरला. म्हणाला, नेदे, तुझा काय दोष. असं म्हणाला. मोठ्या मनानं. माफ केल्यासारखं." तिनं सुरी रुमालाला पुसली. "आणि मला किती बरं वाटलं, टोंका. मी त्याचा हात ओठाला लावला."

मी सांगून माझं ओझं उतरवायला आले होते. ते मी तिच्या डोक्यावर ठेवलं, आणि अशा दिवशी, जेव्हा तिला त्या माणसाला पाणी पाजायचं होतं, कूस बदलून द्यायची होती, त्याची लघवीची पिशवी रिकामी करायची होती.

तिनं वाटीवर रुमाल झाकला आणि आत गेली.

मी बाकावर बसून राहिले. तासभर झाला असेल. कुणी ओरडल्याचं ऐकू आलं नाही. ती बाहेर आली तेव्हा वाटी रिकामी होती.

"खाल्लं त्यानं," ती म्हणाली.

"विचारलंस?"

"आधी खायला दिलं. मग विचारलं. उपाशी माणसाला काय विचारायचं." ती बसली नाही. "पहिल्यांदा म्हणाला, औषधामुळे काही आठवत नाही. मी म्हटलं, आठव, मला घाई नाही. मग म्हणाला, पाय गेले, आता खरं कळलं तर हीपण जाईल, असं वाटलं."

"मग तू काय म्हणालीस?"

"म्हटलं, जाऊ कुठे, मला व्हॅन चालवता येत नाही."

ती हसली नाही. मीही नाही.

"तो रडला," ती पुढे म्हणाली. "मी रुमाल दिला. पण हात नाही दिला. देता आला नाही. हे असं किती दिवस राहील मला माहीत नाही. तो माणूस तिथं पालथा निजवला तर पालथा राहतो, आणि मला त्याचा राग येतोय. अशा माणसाचा राग आलेला देवाला चालतो का? तू शिकलेली आहेस."

"मला माहीत नाही, तेता."

"नाहीच कुणाला माहीत." तिनं वाटी रुमालात बांधली. "तू व्हॅन घेऊन घरी जा. त्याला विमानानं न्यायचं की गाडीनं ते इथले लोक बघतील, विमा आहे. मला तू इथं नकोस."

"तू एकटी कशी—"

"तुझ्या तोंडाकडे बघितलं की मला ते खाजण दिसतं. शिव्या देत नाही मी. आहे ते सांगते. घरीही येऊ नकोस. कधी यायचं ते मी सांगेन. कदाचित सांगणार नाही."

मी निघाले. सीमेवर पोलिसानं मागचं दार उघडायला लावलं. दोन पतंग, दोन फळ्या, खुर्ची, काठी, आणि नेदाची टोपी.

"किती जण आहात?" त्यानं विचारलं.

"एक," मी म्हणाले. त्यानं टोपीकडे बघितलं आणि जाऊ दिलं.

जुलै-ऑगस्ट मी शिकवलं नाही. पतंगाच्या शाळेच्या मालकाला कारण सांगितलं. तो म्हणाला, असे अपघात होतात. मी म्हटलं, होत नाहीत, जागा निवडून करावे लागतात. त्यानं माझ्याकडे बघून विषय सोडला. दुपारी वारा सुटला की मी खिडकी लावून घ्यायचे. मियोला सप्टेंबरात घरी आणल्याचं दुकानात ऐकलं. डाव्या पायाची बोटं हलतात म्हणे. नेदा यंदा शेडमध्ये गेली नाही. तिच्या जागी नवीन मुलगी घेतली, ती मापात चुका करते, असं बायका सांगत होत्या. तिच्या दारावरून जायला लागू नये म्हणून मी कालव्याच्या बाजूनं फिरून जायचे. पलीकडून जाताना अंगणातली खुर्ची दिसायची. कधी त्यात तो असायचा, कधी नुसती घोंगडी.

ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात फोन आला. नाव सांगितलं नाही, हॅलोही म्हणाली नाही.

"मंगळवारी त्याला व्यायामाला न्यायचं असतं. शेजाऱ्याची कंबर धरली. उचलायला दोन माणसं लागतात आणि व्हॅन चालवायला एक. तू दोन्ही करशील. साडेसातला ये."

"येते, तेता."

"बोलायला येऊ नकोस. उचलायला ये."

मी साडेसातला पोचले. मियो दारात, व्हॅनशेजारी, चाकाच्या खुर्चीत तयार बसला होता. दाढी केलेली, शर्टाची बटणं वरपर्यंत लावलेली, हनुवटीखाली वस्तऱ्याचा एक काप. फार बारीक झाला होता. मला बघून त्याचे ओठ हलले.

"कवयित्री," तो म्हणाला. "मी तिला—"

"आधी उचलू," नेदा म्हणाली. "नंतर दम राहणार नाही तुमच्यात."

ती त्याच्या पाठीशी गेली आणि काखेतून हात घातले. मी पुढे वाकून पाय धरले. ते थंड होते. नेदानं माझ्याकडे बघितलं, जूननंतर पहिल्यांदा.

"घोटे धरू नकोस. मांडीखालून धर. आणि कमरेत वाकू नकोस, गुडघ्यात वाक. तू पण पडलीस तर दोघांना कोण बघेल?"

मी हात वर सरकवले. तिनं तीन म्हटलं आणि आम्ही त्याला उचललं. तो आमच्या दोघींच्या मध्ये होता, डोळे मिटून, श्वास रोखून, आणि त्यानं मान तिच्या दंडाला टेकवली होती. तिनं ती हलवली नाही. व्हॅनच्या आसनावर बसवल्यावर पट्टा लावला, पांघरूण नीट केलं, त्याच्या हनुवटीवरच्या रक्ताच्या ठिपक्याला थुंकी लावून अंगठ्यानं पुसलं.

मग घड्याळ बघितलं.

"आज उशीर झाला," ती मला म्हणाली. "पुढच्या मंगळवारी सव्वासातला ये."